रिपोर्ट नॉर्मल, पण गर्दीत बोललेलं समजत नाही. डिमेन्शियाची सुरुवात असेल का?

चिंचवडची_सून: सासरे ७२ वर्षांचे, बँकेतून रिटायर्ड. समोरासमोर बोललं की सगळं नीट चालतं, पण वर्षभरापासून लग्नात नाहीतर हॉटेलात चारजण एकदम बोलायला लागले की नुसते हसून मान डोलावतात आणि घरी आल्यावर सासूबाईंना विचारतात काय म्हणत होते गं ते. परवा फोनवर पुतण्या साठ हजार म्हणाला, यांनी ऐकलं आठ हजार, त्यावरून महाभारत. ऑडिओग्राम (कानाची तपासणी) काढला, डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने ठीक आहे. आता नणंदेने कुठेतरी वाचलंय की ही डिमेन्शियाची (म्हातारपणी स्मृती-बुद्धी ढासळण्याच्या आजाराची) सुरुवात असते, तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही. विसरणं म्हणाल तर चष्मा, बाकी पासबुक अजून पैशापैशाला जुळवतात.

कानवाली: ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या करते, म्हणून लिहितेय. ऑडिओग्राममध्ये बंद खोलीत बारीक बीप ऐकू येतो का एवढंच कळतं. गर्दीतलं बोलणं समजायला मेंदू लागतो, दहा आवाजांतून एक उचलायचा, निसटलेला शब्द अंदाजाने भरायचा आणि तोवर आधीचं वाक्य डोक्यात धरून ठेवायचं. त्यामुळे लक्ष किंवा तात्पुरती स्मरणशक्ती कमी पडायला लागली तर ते इथे लवकर दिसू शकतं. ब्रिटनमध्ये यूके बायोबँक म्हणून आरोग्याचा मोठा अभ्यास आहे, त्यातल्या साठीपुढच्या ८२ हजार लोकांना खरखरीत मिसळलेले आकडे ऐकवले होते, ज्यांना ते फारच कमी ओळखता आले त्यांच्यात पुढच्या ११ वर्षांत डिमेन्शियाचा धोका जवळपास दुप्पट निघाला. पण नणंदेला हेही सांगा की एवढ्या लोकांत मिळून डिमेन्शिया झाला तो साधारण १३०० जणांना. आणि साठचं आठ होणं तर वयाचंच, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, त्यात 'स' येतो, तो उडाला की मागे आठच उरतं ना 😄

स्पीच-इन-नॉईज टेस्ट (गोंगाटातलं बोलणं किती कळतं ते बघणारी) मागून घ्या. आकडे मराठीत ऐकवा म्हणावं, इंग्रजीत चुकले तर कान चुकला की भाषा ते कळत नाही.

जरा_थांबा: फक्त लगेच कानाचं महागडं मशीन घ्यायला पळू नका. कानाच्या मशीनने बुद्धीची घसरण थांबते का हे बघणाऱ्या अमेरिकेतल्या अचीव्ह ट्रायलचा निकाल २०२३ मध्ये आला, ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, ३ वर्षं. सगळे धरले तर मशीनवाल्यांत आणि बाकीच्यांत फरक नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्यात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी कमी, म्हणजे अगदीच फुकट नाही, पण बुद्धी वाचवायचं मशीन म्हणून कुणी विकत असेल तर उठून या.

कानवाली: बरोबर. ऐकू यायला हवं म्हणून घ्या, ते कारण पुरेसं आहे.

नागपूरची_मोठी: आमच्या आईचं खरंच डिमेन्शियाच निघालं म्हणून सांगते. शांत खोलीत, समोर बसून, मोठ्यानं सांगितलं, तिनं नीट उत्तरही दिलं, आणि अर्ध्या तासानं पुन्हा तोच प्रश्न. हे कानाचं नाही न. पण एक घोळ आमच्याकडे झाला, मेमरी टेस्टला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगतात, तिला त्यातले दोन ऐकूच आले नव्हते, ते विसरली म्हणून धरले. दुसऱ्या वेळी कानाला मशीन लावून टेस्ट केली तर मार्क वाढले, कमी होते तरी, पण आधीसारखे भयानक नाही. तपासणारे मास्क लावून बोलत असतील तर काढायला सांगा बापा, ती ओठ बघून निम्मं समजायची हे आम्हालाच माहीत नव्हतं.

चिंचवडची_सून: सगळ्यांना थँक्यू. आज दुसरीकडे दाखवून आलो, आधी डाव्या कानातून मळाचा हा एवढा खडा निघाला, मग आवाजातल्या आकड्यांची टेस्ट, मराठीतच. उजवा बरा, डावा कमी. तीन महिन्यांनी परत बोलावलंय, मेमरी टेस्टही तेव्हाच करू म्हणाले. बाबा येताना रिक्षात पूर्णवेळ पुतण्याला फोनवर साठ हजारांचा हिशोब सांगत होते.