मदत हवी आहे: उन्हाळ्यात गाडीला २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल टाकू की १०डब्ल्यू-३०च राहू देऊ?

मंडळी, गाडी २०१४ची, शंभर सीसी मोटारसायकल, ७१ हजार किमी झालेत. रोज मानवतहून परभणीला जाणं-येणं. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० लिहिलंय आणि आजवर तेच टाकत आलो. पण एप्रिल लागला की दुपारी परत येताना टॅपेटचा (इंजिनातला व्हॉल्व्ह दाबणारा भाग) टकटक आवाज येतो, गिअरही अडून पडायलेत. सकाळी गार असताना काहीच नाही.

गॅरेजवाले मामा म्हणायलेत, "आपल्याकडं ४३ डिग्री ऊन, त्यात हे पाण्यासारखं ऑइल. २०डब्ल्यू-५० टाक, आवाज बंद." भाऊ म्हणतो, त्याच्या कारचं ऑइल उरलंय तेच ओत. शेवटचं ऑइल २८०० किमीपूर्वी बदललं. लेव्हल परवाच पाहिली, झाकणाला जोडलेल्या मोजपट्टीवर बरोबर होती. काय करावं?

गोदाकाठ:
कारचं ऑइल अजिबात नको. आपल्या गाडीत इंजिन, गिअर आणि क्लचप्लेटा सगळं एकाच तेलात बुडालेलं असतं. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं क्लच घसरतो. बाटलीवर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ बघून घ्या. एमबी लिहिलेलं स्कूटरचं.

आता नंबर. डब्ल्यू म्हणजे विंटर. १०डब्ल्यूची गार चाचणी उणे २५ अंशाला होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. परभणीत कितीही हुडहुडी भरली तरी तिथवर पारा जात नाही, त्यामुळं पहिल्या आकड्यावर आपण उगाच भांडतो. दुसरा आकडा १०० अंशाला मोजतात. ३० नंबरचं तेल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप), ५० नंबरचं १६.३ ते २१.९. म्हणजे पावणेदोनपट घट्ट. आवाज दबेल, खरंय. पण ३०च्या हिशेबानं बनवलेल्या इंजिनात पीकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही थोडं खाईल, आणि टॅपेटचा गॅप वाढला असेल तर तो तसाच राहील. कान बंद केल्यासारखं आहे ते.

चारपाना:
मामांचं अगदीच चूक नाही हो. जुन्या पल्सरला कंपनीच २०डब्ल्यू-५० सांगायची, त्यामुळं मिस्तरी लोकांच्या हाताला तीच बाटली बसलीय. आणि २८०० किमी म्हणजे गिअरच्या दातांनी तेलाचा पार भुगा केला असणार, जुनं तेल असंच पातळ होतं. आधी ते बदला. टॅपेट सकाळी इंजिन गार असताना सेट करून घ्या.

एक विचारू? लेव्हल कशी पाहिली? झाकण आटे फिरवून पूर्ण बसवलं होतं का?

मानवतकर (प्रश्नकर्ता):
हो, आवळूनच पाहतो. नाही तर बरोबर कसं कळणार?

चारपाना:
तिथंच गडबड! बहुतेक शंभर सीसी गाड्यांत पट्टी पुसून नुसती भोकात टेकवायची, आवळायची नाही. आवळली की ती खोल जाते आणि तेल जास्त दिसतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तितकंच थांबा, मग पट्टी टेकवा.

मानवतकर (प्रश्नकर्ता):
मॅन्युअलात चित्रासकट तसंच लिहिलंय, दहा वर्षं पानच उघडलं नव्हतं. आत्ता पाहिलं. पट्टीच्या टोकाला नुसता काळा थेंब, खालच्या खुणेच्याही खाली. परवा हीच पट्टी वरच्या खुणेला टेकत होती.

उद्या सकाळी गार इंजिनावर टॅपेट, आणि नवीन १०डब्ल्यू-३०, एमए२. धूर दिसत नाही, पण तेल गेलं कुठं ते कळायला दर रविवारी पट्टी टेकवून वहीत मांडतो. हजार किमीला किती उतरलं की काळजी करायची, एवढं कुणी सांगा. आणि मामांनी २०डब्ल्यू-५०ची बाटली माझ्या नावानं काढून ठेवलीय, त्यांना काय सांगू?