मदत हवी आहे: हायडॅटिड गाठींतला जी१ आणि जी३ स्ट्रेन (जनुकीय उपप्रकार) वेगळा कसा ओळखायचा?

मेंढ्या आणि गायींच्या यकृत-फुफ्फुसातल्या इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या फीतकृमीच्या (हायडॅटिड) गाठींचे नमुने आहेत, सगळे ७०% इथेनॉलमध्ये, फॉर्मॅलिन कुठेच लावलेलं नाही. जेबी३ आणि जेबी४.५ प्रायमर वापरून पीसीआरने कॉक्स१ या मायटोकॉन्ड्रियल जनुकाचा साधारण ४५० बेसचा तुकडा वाढवला, सँगर सिक्वेन्सिंग केलं. जी५ किंवा जी६ नाही, एवढं नक्की. पण जी१ की जी३, इथे गाडी अडली आहे: इतक्या छोट्या तुकड्यात फरकाच्या जागा मोजक्याच, आणि काही नमुने धड इकडचे ना तिकडचे. दोन्ही एकाच प्रजातीत मोडतात हे ठाऊक आहे, तरी मला स्ट्रेनच हवा आहे.

नॅड१ हे दुसरं मायटोकॉन्ड्रियल जनुकही करून पाहिलं, चित्र स्पष्ट झालं नाही. आता नॅड५ या जनुकाचा विचार आहे. संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल जीनोम खर्चात बसत नाही.

दुसरी अडचण गायींच्या वांझ गाठींची. प्रोटोस्कोलेक्स (कृमीची अळीरूप डोकी) नाहीत, म्हणून आतला थर खरवडून डीएनए काढला. प्रोटीनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) रात्रभर ठेवलं, डीएनए दहापट पातळ केला, बीएसए (पीसीआरमधला अडथळा कमी करणारं प्रथिन) घातलं; तरी जेलवर बँड नाही. मेंढ्यांचे नमुने त्याच रनमध्ये व्यवस्थित येतात, त्यामुळे रिअ‍ॅक्शनवर संशय नाही.

जी१-जी३साठी एकटं नॅड५ पुरेल का, आणि वांझ गाठींतून डीएनए काढताना यजमानाचा (म्हणजे गायीचा) डीएनए कमी येईल अशी कोणती पद्धत तुम्हाला लागू पडली?