विद्यापीठाच्या विस्तारकार्यात गावाचं एकत्र येणं बसतं का?

बांधावरची (पेडणे)
भातलावणीच्या ऐन दिवसांत गोव्यातल्या आमच्या गावात एका संस्थेने शेतकरी मेळावा घेतला. वार शुक्रवार, वेळ सकाळी अकरा, जागा पंचायतीचं सभागृह. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं आली सात, सातही निवृत्त पुरुष. ज्यांच्यासाठी मेळावा, त्या आम्ही बायका तेव्हा गुडघाभर चिखलात तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढत होतो. दुपारी पेज प्यायला बांधावर बसलो, तेव्हा लाउडस्पीकरवरून आभारप्रदर्शन ऐकू आलं.

तेव्हापासून मनात आहे ते मांडते. शेतीचं ज्ञान गावापर्यंत पोचवणं याला कृषी विस्तार म्हणतात. तो म्हणजे बियाणं, खत, कीड आणि अनुदान, एवढंच आपण धरून बसलो आहोत. गावातली माणसं एकत्र बसतील, एकमेकांच्या कामाला जातील, यासाठी हातभार लावणं हेही विद्यापीठाचं आणि कृषी संस्थांचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

खाजनाचंच घ्या. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. गोव्यात ती सुमारे १८ हजार हेक्टर आहे असं धरलं जातं. मातीचा बांध आणि मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, यांच्या जोरावर खाडीचं खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटीला पाण्याच्या दाबाने मानशीचं दार उघडतं, भरतीला मिटतं. बांधाला खेकड्याने बीळ पाडलं तर ते एकाच्या शेतापुढे असतं, पाणी मात्र सगळ्या मळ्यात शिरतं. शेजारी एकमेकांशी बोलत नसतील तर ते बीळ बुजवायला जाणार कोण? एकदा आठ दिवस खारं पाणी तुंबलं की मग खारं पाणी सोसणारं कोरगुट भात लावा नाहीतर गोवा धान, हाती पेंढाही येत नाही.

हे मी नव्याने सांगत नाही. अमेरिकेत १९०८ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी ग्रामीण जीवनावर आयोग नेमला, कॉर्नेल विद्यापीठाचे लिबर्टी हाइड बेली त्याचे प्रमुख. शेतकरी कुटुंबाचं एकटेपण आणि बायकांवरचा कामाचा भार यांचीही त्याने दखल घेतली. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने तिथल्या विद्यापीठांचं विस्तारकार्य पक्कं झालं, त्यात शेतीबरोबर घरसंसाराचं शिक्षणही होतं. आपल्या देशात १९५२ च्या सामुदायिक विकास कार्यक्रमात महिला मंडळं, युवक मंडळं होतीच. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता, ते वारं आपल्याकडे १९६१ नंतर आलं. आता तर गावात ते जाणवतही नाही.

सत्तरीकर
ताई, मेळाव्याच्या वेळेबद्दल शंभर टक्के मान्य. पुढचं पटत नाही. अमेरिकेत एका शेतकऱ्याचं घर दुसऱ्यापासून कितीतरी लांब, तिथे माणूस एकटा पडणारच. आमच्या वाड्यावर एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागतो. पौषात मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पवित्र जागी, बायकांचे धालो नाच, शिगम्याला रोमटाची मिरवणूक, जत्रेला नाटक. यातलं काहीही कुठल्या विद्यापीठाने सुरू केलेलं नाही.

मांडाला नियम असतात. नारळ कोण ठेवणार, पहिलं गाणं कुणाचं, किती रात्री खेळायचं. तिथे बाहेरचा माणूस बॅनर घेऊन आला की पुढच्या वर्षी तेच धालो सभागृहात, माइकवर, पाहुण्यांच्या सोयीच्या वेळी होतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या आईने स्टेजवर चढायला नकार दिला. "मांड सोडून धालो कसले?" एवढंच म्हणाली आणि घरी आली.

मला विद्यापीठाकडून वेगळं पाहिजे. माकडं कोवळे नारळ पाडतात, गवे केळी तुडवतात, त्यावर उपाय पाहिजे. सुपारीवर फळं कुजवणारा कोळे रोग येतो, त्यावर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक मारायला झाडावर चढणारा माणूस मिळत नाही, त्याला पर्याय पाहिजे. तेवढं त्यांनी नीट करावं. आमचं एकत्र येणं आम्ही बघू.

कापणीवाली (डिचोली)
लावणीला दहा बायका एकत्र, गाणी, थट्टामस्करी, हे आठवून लोक हळहळतात. त्या दहांत मी होते. संध्याकाळी कंबर सरळ होत नसे. आणि आपलं शेत सर्वांत शेवटी, आधी भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं. कापणी यंत्र आलं आणि चार दिवसांचं काम सकाळच्या चहाच्या आत उरकलं, त्याचा मला आनंदच आहे. आम्ही बायका आता बचत गटाच्या बैठकीला भेटतो. बसून भेटतो, वाकून नाही. कृपा करून ते जुनं परत आणू नका.

माटोळी (फोंडा)
कृषी पदवीच्या चौथ्या वर्षी मी गावात राहून आले आहे. ग्रामीण कार्यानुभव म्हणतात त्याला. गावाचा नकाशा, प्रश्नावली, रोजची डायरी. पहिले तीन आठवडे लोक आम्हाला हवं तेच उत्तर देत होते. माती परीक्षण करता का? करतो. खरं तर एकानेही केलेलं नव्हतं.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली तशी आमची घरमालकीण म्हणाली, प्रश्न मागाहून विचार, आधी माटोळीचं सामान आणायला चल. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधतात ती रानफळांची सजावट. दोन सकाळी तिच्या मागून रानात फिरले. कांगण्या, कवंडळ, घागऱ्या. चालता चालता ती बोलत होती. अमुक फळ आता या बाजूला मिळत नाही, तो झरा पूर्वी वैशाखातही वाहायचा, त्या डोंगरावर आता बंगले आले. माझ्या प्रश्नावलीत यातल्या एकाही गोष्टीला रकाना नव्हता.

परत आल्यावर तिने आपणहून कणगीतलं भात ताटलीत ओतलं. लाल, पांढरं, कुसळाचं, सगळं एकमेकांत मिसळलेलं. बोटाने वेगळं करत म्हणाली, "बी बिघडलंय गं. पण सांगायचं कुणाला?" कापणीआधी आम्ही चौघी-पाचजणी तिच्या शेतात उतरलो आणि एकसारख्या लोंब्या निवडून बियाण्यासाठी बाजूला बांधल्या. तेवढ्यासाठी शेजारची सूनही आली, जिचं या घराशी दोन वर्षं बोलणं नव्हतं.

सत्तरीकरदादा, तुम्ही म्हणता तसं बियाण्याचं काम नीट करायचं, तर आधी कुणाच्या तरी ओट्यावर बसावंच लागतं.

तिसवाडीचं कूळ
गावाचं एकत्र येणं सगळेच इथे गोड करून सांगताहेत. आमच्या खाजनात भांडण आहे ते मानशीच्या मासळीचं. मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, ज्याने बोली जिंकली त्याला पाणी आत हवं, भात करणाऱ्याला बाहेर. खाजनाच्या शेतकरी संघाची सभा लागते, अर्धे येत नाहीत, जे येतात ते मागच्या सभेचा राग घेऊन येतात. धालो नाचून हा गुंता सुटायचा नाही. आम्हाला हवा तो कुणाचाच नसलेला माणूस. जो क्षारता मोजेल, किती पाणी किती दिवस आत राहिलं तर भाताचं काय होतं ते सर्वांसमोर मांडेल, आणि सभा संपेपर्यंत उठणार नाही. हे काम विद्यापीठाचा माणूस करू शकतो. पुढारी नाही करू शकत.

फिरती नोकरी
मी विस्ताराच्याच कामात आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. आमच्या महिन्याच्या अहवालात प्रशिक्षणं किती, उपस्थिती किती, फोटो किती, एवढंच भरायचं असतं. एकेकाकडे कित्येक गावं. तिसवाडीच्या काकांच्या सभेला मी तीन संध्याकाळी बसलो तर त्या तीन संध्याकाळी माझ्या अहवालात शून्य. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ सालीच अध्यापन आणि संशोधनाच्या बरोबरीने विस्तार ही उच्च शिक्षणाची तिसरी जबाबदारी मानली. पण संशोधन लेखावर बढती मिळते, मिटलेल्या भांडणावर मिळत नाही. हे बदलल्याशिवाय माणसांना नावं ठेवू नका. अकराची वेळ आम्ही आवडीने ठेवत नाही, संध्याकाळी सहानंतर गाडी मिळत नाही.

बांधावरची (पेडणे)
कापणीवाली, तुमचं मला लागलं. यंत्र मलाही हवंच आहे. माझी सासू साठीत अजून वाकून लावणी करते, तिच्या गुडघ्यांची अवस्था मी रोज बघते. जुनं परत आणायचं माझ्या मनात नाही. पण कामासाठी भेटणं संपलं आणि बांधासाठी भेटणं सुरूच झालं नाही, ही पोकळी खरी आहे. बचत गटाची बैठक भरते, पण खाजनाच्या संघात आमच्यापैकी किती बायकांची नावं आहेत? आमच्या गावात एकही नाही. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, बांधावर मात्र आम्ही.

सत्तरीकर, मांडाबद्दल तुमच्या आईंचं बरोबर आहे. मांडावर कुणीही बॅनर आणू नये. मी मांडाबद्दल बोलतच नव्हते, माझा मुद्दा बांधाचा होता, तो मला नीट लिहिता आला नाही.

सत्तरीकर
बांधासाठी म्हणत असाल तर माझा विरोध थोडा मऊ झाला, पूर्ण गेला नाही. कुणाचाच नसलेला माणूस गावात चार वर्षं राहिला की तोही कुणाचा तरी होतोच. पण कोळे रोगावर आमच्याकडे सभा घ्यायची झाली तर संध्याकाळी सातला घ्या. माझ्या ओट्यावर तीसेक माणसं बसतात. परतीच्या गाडीचं मी बघतो.

फिरती नोकरी
सुपारीवर दुसरी फवारणी अजून व्हायची आहे ना? मग पुढच्याच आठवड्यात ठेवू. वार तुम्ही सांगा. आणि घरातल्या बायकांना आधी विचारून सांगा, सात वाजता त्यांची चूल पेटलेली असते.