एक्सपीचं मशीन अजून रोज चालतं. बंद का करावं?

जुळारी (धागाकर्ता)

सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल. दुकानात तीन मशीन, त्यातलं सगळ्यात जुनं २००६ सालचं, त्यावर विंडोज एक्सपी. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला. आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही संपला, तेव्हापासून जो येतो तो "आता तरी हे खोकं काढा" म्हणतो. मला ते काढायचं नाही. का, ते सांगतो. मग तुम्ही बोला.

माझे वडील ट्रेडल मशीनच्या छापखान्यात जुळारी, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारे, होते. खिळ्यांच्या केसकडे, म्हणजे खणाखणांच्या पेटीकडे, न बघता ते खिळा उचलायचे. काना, अनुस्वार, र, त असे सतत लागणारे खिळे हाताशी, ङ आणि ञ पार कोपऱ्यातल्या खणात. कुणी नवा माणूस केस आवरायला गेला की ते चिडायचे, कारण केस म्हणजे त्यांचा हात होता. त्या केसचा मी काढलेला फोटो आज माझ्या डेस्कटॉपवर आहे आणि आयकॉनही मी त्याच रीतीने मांडलेत. कोरी पत्रिका, किनारी, गणपतीची चित्रं उजव्या हाताशी. अहवालाचे तक्ते वर्षातून एकदा लागतात, ते वर डाव्या टोकाला.

एक्सपीचा निळा चेहरा मी पहिल्याच दिवशी काढला आणि करडी क्लासिक थीम लावली. पत्रिकेचा कुंकवासारखा लाल रंग ठरवताना कडेला भडक निळी पट्टी असली की डोळा फसतो. टास्कबार डाव्या अंगाला उभा केला, कारण आडव्या मॉनिटरवर खालची पट्टी गेली की पान तेवढं मोठं दिसतं. वीस वर्षांत यातलं काही हललेलं नाही. विंडोज ११ २०२१ मध्ये आली ती टास्कबार बाजूला नेण्याची सोय काढूनच. सोय होती, लोक वापरत होते, आणि एका अपग्रेडमध्ये ती गेली. मशीन माझ्या पैशाचं, त्यावर दिवसाचे दहा तास माझे जातात. मग त्याची मांडणी दुसऱ्याने का ठरवायची?

कडीकुलूप

तुमच्या वडिलांच्या केसबद्दल वाचून बरं वाटलं, पण मुद्द्यावर मी पूर्ण विरोधात आहे. माझं कामच कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं आहे.

खिळ्यांच्या केसमध्ये रात्री कुणी शिरत नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा ब्रिटनमधल्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयांना पेशंट परत पाठवावे लागले. ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, लोकांनी ती टाकली नव्हती. तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला तेव्हा खास पॅच काढावा लागला. दर वेळी तो निघेल या भरवशावर दुकान चालवता येत नाही.

आणि हे फक्त तुमचं मशीन नाही. तुमच्याकडे लोक आधार कार्डाची झेरॉक्स, मुलीचा फोटो, मोबाइल नंबर घालून पत्रिकेचा मजकूर देतात. तो ऐवज त्यांचा आहे.

जुळारी

तुमचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो हलका घेत नाही. पण एक्सपीच्या मशीनला नेटची वायरच नाही, आतलं वायफायचं कार्डही काढून टाकलंय. खरं तर नेट त्या मशीननेच सोडलं. ३० सप्टेंबर २०२१ ला साइट खरी आहे हे कॉम्प्युटरला पटवणारं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं आणि दुसऱ्या दिवसापासून कितीतरी साइट "सर्टिफिकेट चुकीचं" म्हणून उघडेनात. त्याआधी २०१६ मध्येच क्रोमने एक्सपी सोडलं होतं. सर्टिफिकेट संपलं त्याच आठवड्यात मी वायर काढली. ग्राहकांचे मेल, व्हॉट्सॲप, आधार, सगळं दुसऱ्या मशीनवर.

वॉनाक्रायचं म्हणाल, तर त्यात सगळ्यात जास्त सापडली ती विंडोज ७ ची मशीन, जिला तेव्हा सपोर्ट चालू होता.

एक्सपी ठेवण्याचं व्यवहारी कारणही सांगतो. पत्रिकांचे आणि स्मरणिकांचे माझे सगळे मास्टर, म्हणजे मूळ फायली, पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आहेत आणि मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही ती किल्ली, प्रिंटर पोर्टला लागतं. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही.

कडीकुलूप

मग वायर नसलेल्या मशीनवर मजकूर येतो कसा? पेनड्राइव्हने. २००८ चा कॉनफिकर व्हायरस ऑटोरननेही पसरला, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच आपोआप चालू होऊन. आपल्याकडे तर प्रत्येक सायबर कॅफेत "न्यू फोल्डर डॉट ईएक्सई" असायचा, फोल्डरचं चित्र लावलेला. डबल क्लिक केलं की संपलं. पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले मी शेकड्याने साफ केलेत.

अक्षरवाटा

दोघेही ऑपरेटिंग सिस्टिमवर भांडताय आणि माझ्या मते खरा धोका फायलींच्या पोटात आहे.

मी जुन्या मराठी फायली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या अक्षरांच्या एकाच क्रमांकपद्धतीत, आणायचं काम करते. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तो फॉन्ट असेल तोवर पान सुरेख दिसतं. फॉन्ट नसला की त्याच पानावर कंस, टक्के आणि उलटसुलट इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसतो. त्यात एखादं आडनाव शोधताही येत नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी नाहीच.

"निर्मिती" हा एवढासा शब्द घ्या. जुन्या फॉन्टात डोळ्याला दिसतं त्या क्रमाने टाइप होतं: आधी पहिली वेलांटी, मग न. पुन्हा वेलांटी, मग म, आणि त्याच्या डोक्यावर रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: न, मग वेलांटी, मग पाय मोडलेला र, मग म, मग त्याची वेलांटी. म्हणजे कन्व्हर्टरला अक्षरं नुसती बदलायची नसतात, उचलून दुसरीकडे ठेवायची असतात, आणि दोन वेलांट्यांमध्ये रफार आला की तो हमखास चुकतो. गेल्या वर्षी एका ग्रंथालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची ९६ पानं मी अशी काढली. तीन आठवडे लागले. वर्गणीदारांच्या यादीत "कुलकर्णी" दिसले की पोटात गोळा यायचा, आणि ते प्रत्येक पानावर होते.

जुळारी, तुमचं मशीन आज चालतंय म्हणून ते डोंगल आज लागतंय. ज्या दिवशी मदरबोर्ड जाईल त्या दिवशी तुमच्या गावातल्या वीस वर्षांच्या लग्नांची, संस्थांची, माणसांची नोंद वाचता न येणारी होईल. तुमच्या वडिलांचे खिळे निदान हातात घेऊन उलटे तरी वाचता यायचे.

आणखी एक. एक्सपीवर युनिकोड मराठी चालत नव्हतं असं नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर एका चौकोनात खूण करायची, मग ते सीडी मागायचं, त्यातलं आय-३८६ नावाचं फोल्डर दाखवायचं, रीस्टार्ट, की मराठी उमटायची. मंगल फॉन्ट तर विंडोज २०००पासून होता, आपल्या र. कृ. जोशींनी आखलेला. सोय होती. आपण डीटीपीवाल्यांनी ती घेतली नाही, कारण छपाईत मंगल देखणा दिसत नव्हता आणि पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं.

खिडकीपलीकडे

जुन्या चेहऱ्यासाठी जुनी सिस्टिम कशाला? माझ्या २०१० च्या लॅपटॉपला २ जीबी रॅम आहे. त्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आणि एक्सएफसीई हा तिचा हलका डेस्कटॉप टाकलाय. पट्टी डावीकडे उभी, करडे रंग, हवे तेवढे जाड काठ. अगदी विंडोज ९५ सारखं दिसायला हवं असेल तर शिकागो९५ नावाची थीमसुद्धा मिळते. आणि आत सुरक्षेचे अपडेट चालू. केडीई हा दुसरा डेस्कटॉप घेतला तर प्रत्येक पट्टीचा इंच न् इंच आपल्या मनाप्रमाणे. फक्त प्रोसेसर ६४ बिटचा हवा, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सने ३२ बिटचं इन्स्टॉलेशन बंद केलं.

जुळारी

खिडकीपलीकडे, म्हणजे तिथेही जुन्या मशीनला एक दिवस दार बंदच. माझं २००६ चं पेंटियम त्यात बसायचं नाही. आणि पेजमेकर, डोंगल तिथे चालवून द्या, मी उद्या येतो.

फळ्याखडू

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो आणि या सजावटीच्या विरोधात आहे. वीस मशीन, चाळीस मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. "खाली डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबा" म्हटलं की वीसही पडद्यांवर ते तिथेच हवं. एकाने पट्टी वर नेली, दुसऱ्याने आयकॉन लपवले, की दहा मिनिटं त्यातच जातात, आणि घरी कॉम्प्युटर नसलेलं पोर त्यात मागे पडतं. ज्याच्या घरी आहे ते सावरून घेतं. सगळीकडे एकसारखं असणं हा त्या पोराचा आधार आहे.

आमच्याकडे एक्सपी होतं तेव्हा सगळ्या मशीनच्या पडद्यावर एक्सपीचं ते हिरव्या टेकडीचं चित्रच ठेवलं होतं. एका मुलीने विचारलं, "सर, हे पाचगणी का?" मग अर्धा तास तोच धडा झाला: कॅलिफोर्नियातलं सोनोमा, चार्ल्स ओरिअर नावाचा छायाचित्रकार, १९९६ साल, फिल्मचा कॅमेरा. तिथे एरवी द्राक्षाचे मळे, कीड पडल्यामुळे वेली काढल्या होत्या म्हणून गवत दिसलं. तासगावकडची पोरं, त्यांना द्राक्षावरची कीड लगेच कळली.

सावलीउजेड

फळ्याखडू सर, वर्गापुरतं तुमचं मान्य. पण "सजावट" हा शब्द मला लागला.

माझी नजर लहानपणापासून अधू आहे, कडेचं दिसत नाही. काळी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, अंगठ्याएवढा बाण, एवढं नसेल तर माझ्यासाठी पडदा कोराच. विंडोज ७ पर्यंत क्लासिक थीममध्ये एक डबा उघडायचा, त्यात प्रत्येक गोष्ट वेगळी धरता यायची: शीर्षकाच्या पट्टीची उंची, मेनूच्या अक्षरांचा आकार, दोन आयकॉनांमधलं अंतर, निवडलेल्या ओळीचा रंग. मी सरकण्याची पट्टी बोटभर जाड केली होती, कारण तीच मला सापडायची नाही. विंडोज ८ मध्ये तो डबा गेला. आता एकूण सगळं मोठं करता येतं, पण सगळं मोठं केलं की माझ्या अरुंद नजरेत कमी मावतं. मला सगळं मोठं नको असतं, चार गोष्टी मोठ्या हव्या असतात.

तरीही मी जुन्यावर थांबले नाही. पडदा वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा मोफत प्रोग्रॅम एक्सपीवर चालला तो २०१७.३ या आवृत्तीपर्यंतच. त्यानंतर डोळे की कान, यातलं एक निवडावं लागलं. मी कान निवडले. म्हणून कडीकुलूप यांना माझं सांगणं: लोकांनी नवं घ्यावं असं वाटत असेल तर जुन्यात होतं ते काढून घेणं थांबायला हवं. माणसं नव्याला घाबरत नाहीत, हातातलं जाईल म्हणून अडून बसतात.

फळ्याखडू

"सजावट" शब्द मागे घेतो. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती, तिला मी दोन वर्षं पहिल्या बाकावर बसवून पडद्याला नाक लावून वाचू दिलं. तो डबा होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दूरदेशी

माझे वडील नाशिकला, वय ७८. त्यांच्या लॅपटॉपचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा, म्हणून विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. त्यांना वाढीव सुरक्षा अपडेटांत घातलंय, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. आधी मी त्यांना नवा लॅपटॉप घेऊन दिला होता. स्टार्टचं बटण मधे आलेलं बघून त्यांनी तो मिटून कपाटात ठेवला आणि मला सांगितलंही नाही. सुट्टीत गेले तेव्हा ते बटण सेटिंगमधून डावीकडे आणलं, आयकॉन जुन्याच जागी लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा नोंदी लिहीत बसलेले. दोन मिनिटांचं काम होतं आणि त्यासाठी सहा महिने गेले.

जुळारी

सगळं दोनदा वाचलं.

पेनड्राइव्हचं कडीकुलूप यांचं म्हणणं मान्य. मी ग्राहकाचा पेनड्राइव्ह थेट लावत नाही, आधी दुसऱ्या मशीनवर बघतो, पण मधला पेनड्राइव्ह माझाच असतो आणि तो दोन्हीकडे फिरतो, हे खरं. एक्सपीवरचं ऑटोरन आज बंद केलं. हार्ड डिस्कची आख्खी इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढलेली आहे, आणि त्याच मॉडेलचा एक मदरबोर्ड जुन्या बाजारातून आणून ठेवलाय.

पण अक्षरवाटा यांच्या प्रतिसादाने झोप गेली. मदरबोर्ड मिळेल. डोंगल जळलं तर दुसरं नाही, आणि हे मी इतकी वर्षं मनात येऊ दिलं नव्हतं. मास्टर म्हणजे माझा धंदा एवढंच मी धरून चाललो होतो. काल रात्री २००७ ची एका मंडळाची स्मरणिका उघडली. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत.

मशीन मात्र बंद करणार नाही. ज्याच्यावर त्या फायली उघडतात ते तेच आहे, आणि माझा हात तिथे बसलेला आहे.

कडीकुलूप

ऑटोरन बंद केलंत, छान. तरी ते मशीन एखाद्या घाईच्या दिवशी कुणीतरी नेटला जोडेलच अशी माझी खात्री आहे. लगीनसराईत, तुम्ही जेवायला गेला असताना, दुकानातला मुलगा. मी हे बँकेत झालेलं पाहिलंय. नेटवर्कच्या पोर्टात नुसतं रबरी बूच बसवा, दहा रुपयांचं.

अक्षरवाटा

जुळारी, त्या २००७ च्या स्मरणिकेची चार पानं आणि फॉन्टचं नाव मला पाठवा. यादीचं पान नको, आधी संपादकीय. त्यात रफार किती सुटतात ते बघू.

जुळारी

रविवारी दुकान बंद असतं तेव्हा काढतो. संपादकीयाच्या पहिल्याच ओळीत "कार्यकर्त्यांच्या" आहे.