जुन्या बरोलोचा रंग कवेलूसारखा झालाय, बिघडली समजायची का?

संत्रावाला_वरुड
नमस्कार मंडळी. माझा साळा इटलीत तोरिनोला नोकरीला आहे. दिवाळीत आला तेव्हा 2010 च्या बरोलोच्या, म्हणजे तिकडच्या लाल वाइनच्या, दोन बाटल्या घेऊन आला. "भाऊजी, घाईनं पिऊ नका," एवढंच सांगून गेला. काल संत्र्याचा तोडा आटोपला आणि एक उघडली. रंग पाहूनच मन खट्टू झालं. ग्लास तिरपा धरला तर काठाला जुन्या कवेलूचा रंग. वास आधी डांबराचा, मग देवघरात वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्यांचा. घोट घेतला तर हिरड्या आवळल्या, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जाड होते तशा. तळाशी काळा गाळ. बायको म्हणाली, फेकून द्या. मला फेकवेना, पोरानं एवढ्या दुरून स्वेटरमध्ये गुंडाळून आणली. अर्धी बूच लावून ठेवली आहे. बिघडली, की अशीच असते? दुसरी मुलीच्या लग्नापर्यंत, म्हणजे दोन वर्षं, कोठीच्या खोलीत ठेवू का?

चांदूरबाजारकर
फेकू नका भाऊ, तुमची वाइन चांगली आहे. मी नाशिककडे वाइनरीच्या तळघरात अकरा वर्षं काम केलं. डांबर आणि गुलाब हीच बरोलोची ओळख, आणि तुम्ही कुणी न सांगता ती पकडली.

बरोलो फक्त नेबियोलो द्राक्षाची होते, इटलीतल्या पिएमोन्ते प्रांतातल्या लांगे टेकड्यांवर. हे द्राक्ष उशिरा, ऑक्टोबरात पिकतं. तेव्हा तिकडे धुकं दाटतं. धुक्याला ते 'नेब्बिया' म्हणतात, नाव त्यावरूनच पडलं असं मानतात. याच्या सालीत रंग मुळातच कमी आणि टॅनिन भरपूर. टॅनिन म्हणजे तुम्हाला लागला तो तुरटपणा. म्हणूनच कायद्यानं ती 38 महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले किमान 18 महिने लाकडी पिंपात. पुढे बाटलीत वर्षानुवर्षं रंग आणि टॅनिन एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. तोच तुमचा गाळ. लाल रंग उतरून विटकरी होतो तो त्यामुळेच.

बिघडलेली वेगळी कळते. शिरक्यासारखा झोंबणारा वास, किंवा ओल्या पुठ्ठ्याचा. तुम्ही यातलं काहीच लिहिलं नाही. उरलेली आज काचेच्या जगमध्ये, गाळ मागे ठेवून, हळू ओता, तासभर तशीच राहू द्या आणि मग प्या.

दुसरीबद्दल मात्र कळकळीनं सांगतो, कोठीच्या खोलीत ठेवू नका. या वाइनला बारा-चौदा अंश लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो. उकाड्यानं वाइन फुगते, बूच वर सरकतं, आत हवा शिरते आणि चव शिजलेल्या मनुकांसारखी होते. दहा-पंधरा वर्षांचं मुरणं एका उन्हाळ्यात जातं. याच थंडीत उघडा. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, गाळ खाली बसेल.

परतवाड्याचा_पोरगा
भाऊ, सावजी मटनासंगं नका उघडू. म्या मांगच्या साली उघडली होती. तिखटानं तोंड पेटलं अन् वाइन निस्ती कडू लागली. साधं मटन करा, मीठ-मिरं लावून, तुपावर भाजलेलं. चरबीनं तुरटपणा नरम पडते.

संत्रावाला_वरुड
दादा, आज सांगितलं तसं केलं. डांबर मागे सरलं. वाळल्या बोरांचा वास आला, आणि ग्लास अर्धा झाल्यावर पहिल्या पावसात भिजलेल्या पाल्याचा. तुरट अजून आहे, पण आता तोंड आवळत नाही, चव धरून ठेवते. बायकोनं नुसता वास घेतला. म्हणाली, आईच्या पेटीत लुगड्यांमध्ये अत्तराचा फाया असायचा, तसा येतो. बराच वेळ तिनं ग्लास हातातून सोडला नाही.

साळ्याला फोन केला. लग्नाला तो नवीन आणणार आहे. दुसरी संक्रांतीच्या आधी, मोठ्या भावाला बोलावून, मिऱ्याच्या मटनासोबत उघडतो.