इंग्रजी शिकवायला मिशनवर परदेशी जाताना: सीमाभागातल्यांचे अनुभव

थायलंड, केनिया, नेपाळ, कुठंही आपल्या मंडळीतर्फे, म्हणजे चर्चतर्फे, इंग्रजी शिकवून आलेल्यांनी कामाचं तेवढं लिहावं. देवाच्या अनुभवाची साक्ष उपासनेत द्याच, ती ऐकायला सगळ्यांना आवडते. इथं कागद, फळा आणि चुका हव्यात. प्रत्येक अनुभवाच्या वर लिहिणाऱ्याचं ठिकाण आहे.

कॅम्प, बेळगाव

आधी नाव जुळवा. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळं जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग आणि पासपोर्टवर दुसरं निघतं. ते समजावून सांगता येतं. आडनावाचा घोळ जास्त छळतो: दहावीच्या मार्कशीटवर नुसती आद्याक्षरं, डिग्रीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. अर्ज करण्यापूर्वी सगळे कागद टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा.

परदेशातल्या शाळेनं अपोस्टिल (आपला कागद तिथं खरा मानला जावा म्हणून लागणारी सरकारी मोहोर) मागितलं तर आधी राज्य पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ पासून आहे. जो देश करारात नाही, त्याच्या दूतावासाचा शिक्का वेगळा लागतो. स्टिकर मूळ कागदाच्या मागं चिकटतो, आणि आपल्याकडं मार्कशीट हातात पडली की पहिलं काम लॅमिनेशनचं! लॅमिनेट झालेल्या कागदावर शिक्का बसत नाही. सोलायला जाल तर शाई प्लास्टिकबरोबर येते. सरळ डुप्लिकेट मागवा.

पोलीस दाखला पासपोर्ट सेवेतूनच मिळतो. पत्ता बेळगावचा आणि नोकरी पुण्याला-कोल्हापूरला, अशी स्थिती असेल तर सध्याचा पत्ता खरा तोच लिहा. चौकशीला पोलीस जातात तेव्हा माणूस तिथं सापडला पाहिजे.

खानापूर

‘पगार घेणार नाही, मग टुरिस्ट व्हिसा चालतोय की,’ हे सगळ्यात महाग पडणारं वाक्य. थायलंडमध्ये बिनपगारी सेवाही कामच धरली जाते आणि वर्क परमिट लागतं. व्हिसा ज्या कामाचा, तेच काम करायचं.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. तिथल्या राज्यघटनेच्या कलम २६ नं धर्मांतर करवण्याला बंदी आहे. फौजदारी संहितेच्या कलम १५८ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो; परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. इंग्रजीच्या तासात ‘जाता जाता’ सांगितलेली येशूची सुवार्ता तुमच्यापेक्षा तिथल्या स्थानिक पाळकाला (पास्टरला) भोवते. तुम्ही विमानानं परत येता, तो तिथंच राहतो. तासाला व्याकरण, उपासनेला उपासना.

निपाणी, उच्चारांविषयी

सीमाभागातला माणूस घरी मराठी, एसटी स्टँडवर कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी बोलत वाढतो. हे भांडवल आहे, पण आपली खोड आधी काढायला हवी.

पहिली खोड ‘व’ची. इंग्रजीत त्या जागी दोन आवाज आहेत. व्हॅनला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, विंडोला ओठ गोल होतात. थाई भाषेतही दातांचा आवाज नाही, म्हणजे शिक्षक आणि मुलं दोघंही एकच चूक करतात आणि ती कुणालाच ऐकू येत नाही. आरसा घेऊन शिकवा.

दुसरी, ‘पेन’मधल्या ‘प’ची. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला त्याबरोबर हवेचा झोत येतो, आपण तो सोडत नाही. थाई कानाला झोताचा आणि बिनझोताचा ‘प’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. तोंडापुढं कागदाची पट्टी धरा. ‘पेन’ म्हणताना ती हलली पाहिजे.

स्वाहिली बोलणारी मुलं शेवटी स्वर जोडतात, बसचं ‘बासी’ होतं. आपल्याला यात नवल नाही, कन्नडात ‘बस्सु’ आहेच. ‘चूक’ म्हणून थांबवू नका. शब्द मागून बांधा: आधी नुसता ‘स’ लांबवायचा, मग ‘अस’, मग ‘बस’.

बेळगाव, वर्गाविषयी

इंग्रजी शिकवण्याची १२० तासांची सर्टिफिकेटं पुष्कळ मिळतात. घेताना एकच विचारा: खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किती तास शिकवून घेता? सेल्टात (केंब्रिजचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा कोर्स) असे ६ तास असतात. नुसता ऑनलाइन कोर्स झाला असेल तर सराव इथंच करा. कन्नड माध्यमाच्या रविवार शाळेत अर्धा तास फक्त इंग्रजीत शिकवा आणि मागं एकाला घड्याळ घेऊन बसवा: तुम्ही किती मिनिटं बोललात, मुलं किती? पहिल्या वेळी बहुतेक पंचवीस आणि पाच निघतात. हे उलटं होईपर्यंत तिकीट काढू नका.

४० मिनिटांच्या तासाला आठ नवे शब्द पुरेत. प्रिंट काढलेली चित्रं पावसात जातात. दगड, शेंगा, बाटलीची झाकणं सगळीकडं मिळतात. सगळ्या वर्गाचं एका सुरातलं ‘येस टीचर’ फसवं असतं, ज्याला काही आलं नाही तोही त्या सुरात लपतो. बाकावरून जोड्या पाडा आणि फिरत कान द्या.

टिळकवाडी

केनिया-युगांडाला जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस निदान १० दिवस आधी घ्यावी. ती सरकारनं नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, फॅमिली डॉक्टरकडं नाही. लस घेतल्याचं पिवळं कार्ड परतीलाही लागतं; ते नसेल तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

आणि निघताना वर्गाची वही तिथंच ठेवा: कुठले शब्द झाले, कोण कुठं अडकतं. नाहीतर पुढचा स्वयंसेवक पुन्हा ‘ए फॉर ॲपल’पासून सुरू करतो, आणि मुलं बिचारी तेही म्हणतात.