वापर कमी, बिल जास्त

विषय: युनिटं कमी झाली, बिल मात्र वाढलं

नमस्कार मंडळी,

घरातले सगळे जुने दिवे काढून एलईडी लावले. कपडे दोरीवर वाळतात, गीझर सकाळी तेवढा लागतो. गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा युनिटं 18 टक्क्यांनी कमी झाली आणि बिल आलं 4 टक्के जास्त. त्याआधी वादळात सलग 31 तास वीज गेली होती. आईचं इन्सुलिन बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला टेकू न देता, टॉवेलात गुंडाळून ठेवलं आणि दर तासाला उठून बघत राहिले. कंपनीला फोन केला तर चाळीस मिनिटं तीच धून, आणि शेवटी उत्तर काय, तर "दर आमच्या हातात नसतात." मग कोणाच्या हातात असतात? दुकान आवडलं नाही तर दुसरीकडे जाता येतं, दारातली तार कशी बदलणार?

मिळून काही करता येईल का?

वैशाली

---

वैशालीताई,

आमच्याकडेही हेच. मी तर छतावर सोलर लावून कंपनीला रामराम ठोकायचं ठरवलंय. सूर्य इंधनाचे पैसे मागत नाही. वीज तयार करणं स्वस्त झालंय आणि आपण जुन्याच भावाने भरतोय.

प्रसाद

---

वैशाली, प्रसाद,

माझी चौतीस वर्षं भार नियंत्रण कक्षात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचा राग रास्त आहे. फक्त तो योग्य दारापर्यंत पोचायला हवा.

वैशाली, बिल समोर घे. वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार आणि इंधनाच्या भावाप्रमाणे हलणारा समायोजन आकार, असे तुकडे दिसतील. नावं इकडची तिकडे असतील. दिवे बदलून तू युनिटांवर लागणारे आकार कमी केलेस. स्थिर आकार तुझ्या बचतीने तसूभर हलत नाही, आणि बहुतेक वाढ तिथे किंवा समायोजनात सापडेल. दोन्ही वर्षांची बिलं शेजारी ठेवून ओळीओळीने बघ.

स्थिर आकार मुळात का आला, ते सांगतो. आमच्या भिंतीवर फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे मागणी-पुरवठ्याचा तोल दाखवणारा, मोठा आकडा असायचा, 50.00. संध्याकाळी घरोघरी बटणं दाबली जाऊ लागली की तो 49.97, 49.94 असा उतरायचा आणि आम्ही फोन उचलायचो. बटण दाबल्याक्षणी कुठल्यातरी जनित्रावर तेवढा भार पडतोच. वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या आता येताहेत, पण एकूण मागणीपुढे अजून थोड्या आहेत. वर्षाचे तास 8,760. त्यातल्या मोजक्या तासांत मागणी शिखरावर जाते, पण वीज बनवणारे संच, तारा, ट्रान्सफॉर्मर सगळं त्या तासांच्या मापाने बांधावं लागतं. काही संच वर्षातले शे-दोनशे तासच चालतात. त्यांचं कर्ज मात्र बारा महिने फेडायचं असतं.

हे कोडं जुनंच आहे. वापरलेल्या विजेचे वेगळे आणि एका वेळी लागणाऱ्या कमाल मागणीचे वेगळे पैसे घ्यावेत, असं इंग्रज अभियंते जॉन हॉपकिन्सन यांनी 1892 मध्ये मांडलं. त्याच वर्षी एडिसनचे एकेकाळचे सचिव सॅम्युएल इन्सल शिकागोला गेले. पुढे इंग्लंडमधल्या ब्रायटनला त्यांनी कमाल मागणी टिपणारं मीटर पाहिलं आणि ती पद्धत शिकागोला आणली. दर राज्याच्या आयोगाने ठरवावेत, ही सूचनाही त्यांनीच 1898 मध्ये केली. 1907 मध्ये विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्क इथे तसे आयोग आले. सौदा असा होता की एका भागात एकाच कंपनीच्या तारा असतील, त्या बदल्यात तिचा नफा आयोग ठरवेल. वैशाली, तुझ्या "कोणाच्या हातात" चं उत्तर इथे आहे: आयोगाच्या. पण दरवाढीचा अर्ज कंपनीच करते, हेही तुला फोनवर सांगायला हवं होतं.

आता या सौद्यातली खोट. नफा मिळतो तो गुंतवलेल्या भांडवलावर. एव्हर्च आणि जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 1962 मध्ये दाखवलं की अशा कंपनीला गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतायचा मोह होतो. नवं उपकेंद्र बांधलं की वर्षानुवर्षं परतावा. तारांवर आलेल्या फांद्या छाटल्या तर तो नुसता खर्च, त्यावर नफा नाही. आमच्याकडे हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री फांद्या छाटण्यावर चालायची. ते बघून मी तेव्हाही अस्वस्थ व्हायचो. एक फांदी पडते आणि अख्खा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एका वाहिनीवरची सगळी घरं, अंधारात जातो.

आणि चुकीचा करार केला तर काय होतं, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाचा करार 1993 चा. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला. वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे होते, आणि दर डॉलरशी बांधलेला. 2001 मध्ये राज्य वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं. संच चांगले होते, कागद वाईट होता.

प्रसाद, सोलर जरूर लाव, पण दोन गोष्टी ध्यानात ठेव. सोलरचा साधा, वीजजाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद होतो, तारांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी. म्हणजे भर उन्हात पॅनल असूनही घर बंद. बॅटरी आणि जाळ्यापासून वेगळं होण्याची सोय लागेल. दुसरं, बऱ्याच वीज बाजारांत त्या घडीची मागणी भागवायला जो शेवटचा, सर्वांत महाग संच लावावा लागतो, त्याचाच भाव सगळ्यांना मिळतो. म्हणून सूर्य फुकट असला तरी संध्याकाळी भाव गॅसचा असतो. 2022 मध्ये गॅसचा भाव भडकला तेव्हा युरोपभर हेच झालं.

अनंतकाका

---

काका,

समजलं, पण पूर्ण पटलं नाही. आमच्या इमारतीत खाली एकट्या आजी राहतात, एक दिवा आणि एक पंखा. वरच्या घरात तीन एसी. स्थिर आकार दोघांना अगदी सारखा. ब्रायटनचं ते मीटर प्रत्येकाची कमाल मागणी टिपत होतं ना? मग आजींनी कोणाच्या शिखराचे पैसे भरायचे?

वैशाली

---

वैशाली,

खरं आहे तुझं, माझ्या पत्रात हे सुटलं. सरसकट सारखा स्थिर आकार हा हॉपकिन्सनचा हिशेब नव्हेच. वापरायला सोपा म्हणून तो रुजला, आणि कमी वापरणाऱ्याच्या बिलात त्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. आता कितीतरी घरांत दर अर्ध्या किंवा पाव तासाची नोंद ठेवणारी मीटरं आहेत, तेव्हा मोजता येत नाही ही सबब चालायची नाही. आयोगापुढे हरकत घेताना हाच मुद्दा पहिला घ्या.

दुसरा मुद्दा खंडित पुरवठ्याचा. वर्षाकाठी ग्राहकामागे सरासरी किती मिनिटं वीज गेली, हा आकडा कंपन्या देतात. त्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या, अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेच्या 1366 या मानकात मोठ्या वादळाचे दिवस वेगळे काढायची मुभा आहे. तुझे 31 तास त्या सरासरीत नसतीलही. दोन्ही आकडे मागा, वादळासकट आणि वादळाविना. आणि गेल्या पाच वर्षांत फांद्या छाटण्यावर मंजूर किती झाले, प्रत्यक्ष खर्च किती झाले, तेही मागा.

त्याआधी आपलं मीटर तपास. त्यावर युनिटला किती वेळा दिवा लुकलुकतो ते लिहिलेलं असतं, समजा 1000. घरातलं सगळं बंद कर, दिवा थांबतो का बघ. मग फक्त 2 किलोवॉटचा हीटर सहा मिनिटं चालव. साधारण 200 वेळा लुकलुकायला हवा.

अनंतकाका

---

काका,

काल रात्री केलं. मी मोजत होते, मुलगा घड्याळ धरून होता. 197 भरले, म्हणजे मीटर ठीक आहे. पण बिलं शेजारी ठेवल्यावर दिसलं की गेल्या दोन महिन्यांचं रीडिंग "अंदाजे" आहे, कोणी येऊन घेतलेलंच नाही. मीटरवरचा आकडा बिलापेक्षा 64 युनिटांनी मागे आहे. फोटो काढून लेखी तक्रार दिली, पोच घेतली. वाढ दोन ठिकाणी आहे, स्थिर आकार आणि हा अंदाज.

हरकतीचा मसुदा आजींना वाचून दाखवला, सही करणार म्हणाल्या. मंडळी, तुमच्याकडे वीज गेल्याच्या तारखा आणि तास रविवारपर्यंत मला पाठवा. रीडिंगच्या शेजारी "अंदाजे" लिहिलंय का, तेही बघून कळवा.

वैशाली